स्पर्धकाच्या रकान्यात कोणीच नव्हतं

ते प्रकरण मी अजून विसरलेले नाही, आणि गंमत अशी की त्याची नोंद कुठल्याच ठाण्याच्या डायरीत नाही. पोलीस खात्यात शिपाई म्हणून लागले, फौजदार म्हणून निवृत्त झाले. जे शिकले ते चौकशा करता करता. निवृत्तीनंतर मुलाकडे सिंगापूरला, पासिर रिसला, जाऊन-येऊन असते. हा तपास तिथला.

खबर सूनबाईंनी दिली. "आई, समोरच्या ब्लॉकमधली तुमची लाडकी सोमवारी राजीनामा देतेय. आज संध्याकाळी गाळ्याच्या करारावर सही."

लाडकी म्हणजे पुण्याची मुलगी, इथल्याच आंग मो किओ भागात इंजिनीअर. हाताला चव अशी की गणपतीत तिच्याच चकल्या आधी संपायच्या. क्लेमेंटीला फराळाचं दुकान काढायचं तिच्या मनात होतं. पण नवऱ्याची नोकरी तेव्हा डळमळीत होती. हिची नोकरी सुटली की तिच्यासोबत इथे राहायचा पासही जाणार. दुकान चाललं नाही तर दोघांना सामान बांधून परत फिरावं लागलं असतं. मी तिला बोलावून घेतलं.

ती लॅपटॉप घेऊनच आली. "मावशी, बिझनेस प्लॅन तयार आहे. बघा, आलेखसुद्धा आहेत."

ठाण्यात मी कागद आधी बाजूला ठेवायचे. लिहिलेलं माणसाने पाठ केलेलं असतं. "मीट तो. तोंडी सांग. गिऱ्हाईक कोण?"

"इथली सगळी मराठी माणसं. सगळ्यांना माझा फराळ आवडतो."

"फुकट खाल्लेला की विकत घेतलेला?"

"मावशी, टोमणे नकोत हं."

"टोमणा नाही गं, प्रश्न आहे. साक्षीदारालाही मी हेच विचारायचे, ऐकलंस की पाहिलंस?"

मग हळूहळू निघालं. इथल्या मराठी मंडळाच्या निधीसाठी तिने दोनदा स्टॉल लावला होता. मार्चमध्ये सगळं संपलं. दिवाळीच्या मेळाव्यात निम्मं उरलं.

"दिवाळीत फराळ उरला?"

"पाऊस होता ना त्या दिवशी."

ऐन दिवाळीत फराळ उरतो आणि ही पावसाला दोष देते. खोटं बोलत नव्हती ती, पण माणूस पहिलं सुचलेलं कारण धरून बसतो. आरोपीही बसतो आणि तपास करणाराही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. गाळ्याचा एजंट. आवाज मलाही ऐकू आला. "मॅडम, अनदर पार्टी वेटिंग लाह. टुडे साइन, कॅन?"

"कॅन, कॅन," ही म्हणाली, आणि उठायलाच लागली.

"बस खाली. तुझ्याखेरीज फराळ कोण पुरवतं इथे?"

"कोणीच नाही. स्पर्धकाच्या रकान्यात मी 'नाही' असंच लिहिलंय."

इथे माझे कान टवकारले. ज्या प्रकरणात एकही संशयित नसतो, तिथे आपण कुणाला तरी धरायला विसरलेलो असतो. "दिवाळीत लोकांच्या घरी वेगळं काय असतं?"

"वेगळं काय, नेहमीचंच. सुट्टी, पाहुणे. आई-बाबा आलेले असतात पुण्याहून..."

ती थांबली. तिची नजर माझ्या मागच्या फळीवर गेली.

"मावशी, तो डबा कसला?"

"भाजणीचा."

"शेजारचा?"

"चिवडा. मागे शंकरपाळे आहेत."

"कुणी आणलं?"

"मीच. येताना, बॅगेतून."

"आणि साड्या किती आणल्यात?"

"दोन," मी म्हटलं. कोर्टात वकिलांनी माझी उलटतपासणी पुष्कळ घेतली, पण असा घाम कधी फुटला नव्हता.

"म्हणजे स्पर्धक तुम्हीच," ती हळूच म्हणाली. "घरोघरी तुम्हीच. घरपोच आणि फुकट." तिचे डोळे भरले. "मग संपलंच की सगळं."

"संपलं कसं? बॅगेतून काय येत नाही, ते सांग."

फोन पुन्हा वाजायला लागला. तिने तो पालथा घातला.

"पोळी," ती म्हणाली. "गरम पोळी. ताजी भाजी."

"आणि मावशी कुणाकडे येत नाही?"

"क्लेमेंटीची पोरं. विद्यापीठाजवळ खोलीवर राहतात. घरमालक स्वयंपाक करू देत नाहीत, तिथे आईला कुठे ठेवणार?"

फोन थांबेना. तिने उचलला. "सॉरी अंकल, टुडे कॅनॉट." पलीकडून "युअर लॉस लाह" आलं आणि फोन बंद झाला. गाळा गेला.

सोमवारी राजीनामा गेला नाही. मग कित्येक रविवार ती क्लेमेंटीला पोरांना विचारत हिंडली: आठवड्यात किती दिवस घ्याल, काय द्याल, परीक्षेत आणि सुट्टीत काय करता. नवऱ्याच्या पासवर धंद्याची परवानगी मिळते का, ते सरकारी कार्यालयात जाऊन विचारलं. गिऱ्हाईक नसलेल्या महिन्यांत भाडं कुठून, आपण आजारी पडलो तर पोळ्या कोण लाटेल, हेही नव्या प्लॅनमध्ये आलं. नवऱ्याची नोकरी पक्की झाली, तेव्हा कुठे तिने नोकरी सोडली. छोट्याशा जागेत तिची पोळीभाजी चालू लागली, आणि टिकली.

गुन्हा घडला की घरच्यांची चौकशी आम्ही आधी करायचो. लोकांना वाईट वाटायचं, पण इलाज नसे. धंदा मांडणाऱ्यानेही तेच करावं. परक्या दुकानदाराचा हिशेब सगळेच धरतात. प्रेमाने जड बॅग ओढत येणारं आपलं माणूस कुणाच्या यादीत नसतं.

आता तिकीट काढलं की सुनेच्याही आधी हिचा फोन येतो. "मावशी, या वेळी भाजणी किती आणताय? प्लॅनमध्ये धरायचीय."

मी खरं काय ते सांगते. जबाब खोटा द्यायची मला सवय नाही.