मोत्यांच्या वेलीला मी पाणी घातलं

माझ्या हातून आजवर एकच झाड मेलं, आणि तेही पाणी पिऊन मेलं.

तुळजापुरातल्या आमच्या घरी खिडकीशी एक कुंडी टांगलेली होती. तिच्यातून हिरव्या मण्यांच्या माळा खाली लोंबायच्या. मोत्यांची वेल म्हणे! ना फूल, ना वास. देवाला वाहता येत नाही, भाजीत टाकता येत नाही. असल्या या बिनकामाच्या वेलीला बायकोनं, म्हणजे सुनंदानं, बोटभर तुकड्यापासून तीन वर्षं वाढवलं होतं. कशासाठी, तर आमच्या लेकीच्या, पल्लवीच्या, वास्तुशांतीला द्यायला. (मी साडी सुचवली होती. माझं ऐकतं कोण?)

वास्तुशांतीच्या आठ दिवस आधी सुनंदा माहेरी अणदूरला निघाली. जाताना म्हणाली, "अहो, वेलीला पाणी घालू नका. मण्यांतच पाणी भरलेलं असतं. नुसतं बघा."

बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला हे सांगणं! म्हटलं, पाण्यावाचून झाड जगवायला निघाली, मोठी शास्त्रज्ञ.

तिसऱ्या दिवशी नळ आला. आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा येतो, आणि तो आला की घरात साठवलेलं पाणी त्या क्षणी शिळं होतं. (सकाळी तेच पाणी मी प्यायलो होतो, तो भाग वेगळा.) शिळं पाणी ओतून द्यायला जीव होत नाही, ते झाडांना जातं. तुळस, कढीपत्ता, जास्वंद, सगळे तुडुंब झाले तरी दोन बादल्या उरल्याच. त्या मी खुर्चीवर चढून चार दिवस त्या वेलीला पाजल्या. फरशीवर ठिबकू नये म्हणून कुंडीचं भोक चिंधीनं बुजवलं. डोकं चालतं माझं.

सातव्या दिवशी मणी फुटून चिकट पाणी गळायला लागलं. एक माळ उचलून बघितली तर ती हातातच राहिली.

उद्या सुनंदा येणार, परवा वास्तुशांत. शेजारच्या रहीमभाईंना हाक मारली. ते शिंपी, म्हणजे सुईदोरा त्यांचा, अक्कल माझी. मंडईतून मटार आणले, सोलले, आणि आम्ही दोघं दुपारभर ते हिरव्या दोऱ्यात ओवून माळा कुंडीला टांगत बसलो.

"लांबून बरं दिसतंय, सर," रहीमभाई म्हणाले. "पण वहिनी जवळ जातील की."

"मी तिला लांबच उभी करतो."

दुसऱ्या दिवशी सुनंदा आली ती थेट कुंडीपाशी. एक मणी तोडून तोंडात टाकला.

"कोवळा आहे," ती म्हणाली. मग खिडकीतून हाक दिली, "रहीमभाई, आणा ती."

रहीमभाई त्यांच्या घरातून मोत्यांची वेल घेऊन आले. टवटवीत, लांबलचक.

"जायच्या दिवशी सकाळीच बदलली मी," सुनंदा म्हणाली. "इथं होतं ते मागच्या वर्षीचं रोप, हातभर तोकडं. तुम्हाला कळलंसुद्धा नाही."

मी रहीमभाईंकडं वळलो. "अन् तुम्ही दुपारभर माझ्यासोबत मटार ओवले?"

"वहिनी बोलल्या होत्या, सरांना काय बी करू द्या, सांगू नका. अन् तुमचा जीव लई रमला होता हो."

बायकोचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही, असं मी चारचौघांत सांगत फिरायचो. ते साफ खोटं निघालं. मी झाड मारणारच, यावर तिचा पूर्ण विश्वास होता, आणि तो मी सार्थ करून दाखवला.