कालवांची पिल्लं

बदली होऊन कोलकात्याला आल्यापासून मी प्रयोगशाळेत कालवांची, म्हणजे खायच्या शिंपल्यांची, पिल्लं वाढवत होतो, आणि ती सारखी मरत होती. बराकपूरच्या प्रशिक्षणात शेजारी बसलेल्या बंगाली बाईंनी मोबाईलवर त्यांनी वाढवलेली कालवांची टपोरी पिल्लं दाखवली. दाखवताना त्या फोटोवरून हलकेच बोट फिरवत होत्या. माझा नुसता जळफळाट झाला.

“दादा, तुम्ही काय खायला देता?” त्यांनी विचारलं.

“शेवाळ. जिवाणू काढून टाकलेलं, अगदी स्वच्छ.”

“थोडे चांगले जिवाणू राहू द्या. नुसत्या शेवाळावर माझीही वाढत नव्हती.” आणि कोणते जिवाणू, तेही त्यांनी मी न विचारताच सांगून टाकलं.

मी तसं केलं. पिल्लं वाढली, माझं कौतुकही झालं. आता त्यांच्या पिल्लांचा हेवा वाटत नाही. पण कष्टानं मिळवलेलं इतक्या सहज देऊन टाकणाऱ्या त्या बाईंचा अजून वाटतो.