साडेचार तासांचं माहेर

"हळू बोला, दादा आंघोळ करून येईल आता," चिमी दबक्या आवाजात म्हणाली.

"येऊ दे की!" नवरा उसळला. "इतकी वर्षं सख्ख्या भावाला सांगत आलीस, परदेशातून विमानानं माहेरी यायला अख्खा दिवस मोडतो. तो सकाळी तुझ्या आईला भरवून निघाला आणि दुपारच्या चहाला इथे हजर! साडेचार तास!"

"मी गेले तेव्हा मधे विमान बदलावं लागायचं. दिवस गेलाच होता."

"एकदाच गेलीस, तेही स्वस्तातलं तिकीट काढून," मुलीनं भर घातली. "थेट विमान कधीचं सुरू झालंय, आई."

पडदे शिवायचं दुकान चिमीनं एकटीनं उभं केलं होतं. 'परवा देते' म्हटलेला पडदा परवाच मिळायचा. शब्दाची पक्की म्हणून बाजारात तिचं नाव होतं. पण आईचं अर्धं अंग लुळं पडलं, तेव्हा माहेरी जाऊन दोन दिवस चादरी बदलून तिसऱ्या दिवशी तिला वासानं ढवळून आलं, आणि दुकानाचं निमित्त काढून ती पळाली. त्यानंतर दादानं फोनवर 'ये गं' म्हटलं की ती अंतर पुढे करायची. अंतराला कोण नावं ठेवणार?

दादा डोकं पुसत आला. बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. विमानात बसला तो आज पहिल्यांदा. पिशवीतून एकेक डबा काढून तो ओट्यावर मांडू लागला.

"दोन दिवसांचं बांधून घेतलं होतं. उशी, मळमळीच्या गोळ्या, सगळं! पहिला डबा उघडतोय तर म्हणे, पट्टे बांधा, उतरतोय. मला वाटलं, गाडी बिघडली, मधेच उतरवतायत. शेजारच्या बाईंना तीनदा विचारलं, हेच ना ते शहर?" तो खो खो हसला.

बाकी कुणी हसलं नाही.

"घड्याळाचा फरक असतो, दादा," चिमी कसंबसं म्हणाली.

"तो धरूनच सांगतोय. तुझ्या वेळी विमानं जुनी असतील गं. आईला म्हटलं, चिमीला एवढ्या लांबून जमत नाही, मीच डोळे भरून बघून येतो तिला. शेजारीण थांबलीय आईजवळ. परवा परत."

त्यानं शिव्या घातल्या असत्या तर तिनं निमूट खाल्ल्या असत्या. हा तर तिच्याच खोट्याला आपल्या हातानं ठिगळ लावत होता. रोज चादरी धुऊन भेगाळलेल्या त्या हातांकडे तिला बघवेना.

"विमानं जुनी नव्हती, दादा. मीच येत नव्हते."

तिनं दादाच्या हातातलं झाकण घेऊन डब्यावर लावलं.

मग परतीच्या प्रवासासाठी ओट्यावरचे डबे उचलून कपाटात ठेवले.

"परवा मी दादाबरोबर जातेय," ती म्हणाली. "महिनाभर आईचं मी करणार. दुकान बंद राहील. स्वयंपाकाचं तुम्ही दोघं बघा."