पळताना लागलेलं लग्न

लांब पळणाऱ्या माणसाचे पाय दमत नाहीत, डोकं दमतं. हे मी कोणालाही सांगितलं की समोरचा आधी माझ्या पोटाकडे बघतो आणि मग विषय बदलतो. पण एकेकाळी मी पळत होतो, आणि तेही लग्न जमावं म्हणून!

गोष्ट साठ सालानंतरची. ठाणे-बेलापूर रस्त्याला तेव्हा नुकते कारखाने लागायला लागले होते. आमची घणसोली म्हणजे एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातखाचरं आणि मध्ये आम्ही आगरी. दिघ्याजवळच्या एका कारखान्याच्या मोठ्या साहेबाला शर्यतीतले कप जिंकायचं वेड होतं. त्यासाठी त्याला पळणारी पोरं हवी होती. बेलापूरहून कारखान्याच्या फाटकापर्यंत पळायचं आणि पहिल्या तिघांना कायमची नोकरी, असं त्यानं जाहीर केलं.

मला नोकरी हवी होती ती पांडूशेटमुळे. पांडूशेट म्हणजे सानपाड्याकडचे मिठागरवाले, हिराचे वडील. हिराला मी जत्रेत दोनदा पाहिलं होतं. दुसऱ्यांदा तिनंही पाहिलं, त्यामुळे मामला गंभीर झाला. पोरगा चांगला आहे, पण कायमची नोकरी लागेपर्यंत हळद लागणार नाही, असं पांडूशेटनी माझ्या बाबांना तोंडावर सांगितलं होतं.

मी रोज पहाटे खाडीच्या बांधावरून पळायला लागलो. पाय ऐकायचे, डोकं ऐकायचं नाही. अर्ध्या वाटेत ते विचारायचं, आता बसू या का? त्याला गुंतवायला मी पाढे म्हणून पाहिले. सतराच्या पाढ्यात पाय अडखळले (शाळेतही मी तिथंच अडखळायचो). जेवणाचा विचार केला, तर भूक लागून घरी परतलो. हिराचा विचार केला, तर सरळ चिखलात गेलो.

शेवटी बायजाआत्यानं मार्ग काढला. आत्या धवलारीण होती. आमच्याकडे लग्न लागतं ते धवलारणीच्या गाण्यावर. देवांना बोलावण्यापासून पोरीची पाठवणी होईपर्यंत प्रत्येक विधीचा धवला ती गाते, आणि लग्न दोन-तीन दिवस चालतं. आत्या म्हणाली, "तुजी शर्यत काय दोन दिस चालनार हाय? मनात लगीन लाव आनि पळ. फकस्त यक ध्यानात ठेव, मधला यकपन धवला सोडायचा न्हाय."

हा उपाय इतका लागू पडला की विचारू नका. बांधावर पळता पळता मी रोज स्वतःचं लग्न लावायला लागलो. आत्याला आनंद झाला, आईला काळजी वाटायला लागली, कारण मी जेवताना पाट मांडला की नवरदेवासारखा बसायचो.

शर्यतीच्या दिवशी बेलापूरला झेंडी पडली आणि सगळे सुटले. मी मागं राहिलो, कारण माझे अजून देव बोलावून व्हायचे होते. गावदेवी, खाडीतले देव, डोंगरावरचे देव, सगळ्यांना रीतसर आमंत्रण देत मी सावकाश पळत होतो. तोवर जे जोरात सुटले होते, ते रस्त्याकडेला पोट धरून बसायला लागले. तुर्भे येईपर्यंत मला हळद लागली आणि अंगात असं काही वारं भरलं की मी धडाधड माणसं मागं टाकली. पुढं फक्त दोघं उरले.

त्यातला मागचा गडी वयानं बराच मोठा होता, आणि नेमकी तेव्हाच माझी वरात निघाली. आता वरातीत म्हाताऱ्या माणसाच्या पुढं कसं जायचं? मी आपला अदबीनं त्याच्या मागं मागं चालीनं पळत राहिलो. तो सारखा वळून बघायचा. त्याला वाटलं असणार, हा पठ्ठ्या काहीतरी डाव टाकतोय.

तिसरा नंबर तरी पक्का होता. पण घणसोलीच्या फाट्यावर आमचं अख्खं घर उभं होतं. बाबांनी पांडूशेटना मुद्दाम बोलावून चिंचेखाली बाजेवर बसवलं होतं. होणारा जावई कसा पळतो ते त्यांनी डोळ्यांनी बघावं, एवढीच बाबांची इच्छा. आणि मी फाट्यावर पोचलो तेव्हा मनात पाठवणी लागली होती. हिरा आईच्या गळ्यात पडलेली, आत्याचा आवाज कापतोय, आणि मी आपला पळतोय आणि हमसून हमसून रडतोय!

आईनं ते पाहिलं आणि ती किंचाळली. आत्यानं माझं तोंड बघून धवला बरोबर ओळखला. "पाठवनी लागली गो त्याची," एवढं बोलून तीही रडायला लागली. त्या दोघींना रडताना बघून धर्मामामाला वाटलं, भाचा आता काही वाचत नाही. मामा म्हणजे एका हातानं होडी ओढणारा माणूस. त्यानं रस्त्यात उतरून मला कवेत घेतलं आणि उचललं.

मी पाय झाडत ओरडलो, "मामा सोड, पोरगी निघाली!"

"ऊन लागलंय," मामानं निदान केलं. माझ्या डोक्यावर घागर रिकामी झाली, तोंडात कांदा कोंबला गेला आणि मला बैलगाडीत आडवं टाकून वर दोन माणसं बसवली. त्यांच्या पायांमधून मला चौथा, पाचवा आणि सहावा गडी जाताना दिसला. माझी नोकरी जात होती, आणि माझ्या छातीवर माझा सख्खा चुलतभाऊ बसला होता. त्या दिवशी मला जेवढं वाईट वाटलं, तेवढं नंतर कधी वाटलं नाही.

घरी ओटीवर मी सगळं खरं सांगितलं. बाबांनी मान खाली घातली. पांडूशेटनी तोंडातलं पान थुंकलं. मग त्यांनी विचारलं, "आनि रडत व्हतास कुनाच्या पोरीसाठी?"

"तुमच्या," मी म्हणालो.

पांडूशेट उठले. पायात वहाणा घालत बाबांना म्हणाले, "हळदीचा दिस धरा. मिठागरात जल्म गेला माजा. विरघळनारा मानूस मना लांबून कळतो."

मला वाटलं, सासरा किती हळवा मिळाला! लग्न झालं आणि आठवड्याभरात त्यांनी मला पहाटे उठवून मिठागरावर नेलं. तेव्हापासून कितीतरी वर्षं मी तिथं मीठ ओढलं. पगार नाही आणि सुट्टी पावसाळ्यातच. एकदा धीर करून मी सासऱ्यांना सांगितलं, उद्यापासून येणार नाही, मी दुसरीकडे नोकरी बघतो. ते एका शब्दानं रागावले नाहीत. त्यांनी फक्त हिराला हाक मारली. ती पदरानं डोळे टिपत दारात येऊन उभी राहिली, आणि मी फावडं उचलून मुकाट्यानं बांधाकडे निघालो.