करंजाड्याचं परराष्ट्र खातं

जगाच्या पाठीवर कुठेही तोफ डागली गेली, तरी तिचा पहिला आवाज करंजाड्यातल्या एका चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये पोचतो, आणि राजधान्यांतल्या मोठमोठ्या लोकांना जाग येते ती त्यानंतर, असं माझं ठाम मत आहे. हा हॉल माझ्या साडूंचा. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दोघी बहिणींनी हट्टानं पनवेलजवळच्या या एकाच नोडमध्ये, म्हणजे नव्या वसाहतीत, फ्लॅट घ्यायला लावले, त्यामुळे आमच्या दोन घरांत चालत जाण्याइतकंच अंतर आहे, आणि त्या अंतराचा साडूंनी पुरेपूर फायदा घेतला. सकाळी मी ब्रशवर पेस्ट घेत असतो आणि फोन वाजतो. "साडूभाऊ, ऐकलंत का?" मी काहीही ऐकलेलं नसतं. त्या वेळी आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याच्या पंपाखेरीज काही ऐकू येत नाही. "सुरू झालं," ते म्हणतात. काय सुरू झालं, कुठे, कुणाचं, हे विचारायची सोय नाही. विचारलं तर पेस्ट ब्रशवर वाळते. मी आपला "हो का, वाईट झालं" म्हणतो. कुठल्याही युद्धाबद्दल हे उत्तर बरोबरच ठरतं.

साडूंचा जगाशी संबंध आला तो नोकरीतून. उरणला कंटेनर उतरवून ठेवायच्या एका यार्डात ते आयुष्यभर कागद रंगवत होते. कंटेनर उशिरा आला की व्यापारी येऊन डोकं खायचा, आणि उशिराचं कारण दर वेळी कुठल्यातरी लांबच्या सामुद्रधुनीत सापडायचं. बाकीचे कारकून "माल वाटेत आहे" म्हणून वाटेला लावायचे. साडू त्या माणसाला खुर्ची द्यायचे, चहा मागवायचे आणि तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले का होतात, ती जहाजं आता आफ्रिकेला वळसा घालून का येतात, हे टेबलावर स्टेपलर आणि पंचिंग मशीन मांडून समजावून सांगायचे. व्यापारी माल विसरून जायचा. इतका सागरी अभ्यास असलेला हा माणूस स्वतः मात्र उरणजवळच्या मोऱ्याहून मुंबईत भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचच्या पलीकडे समुद्रात गेलेला नाही. एकदा मी त्यांच्याबरोबर त्या लाँचमध्ये होतो. धक्का सुटेपर्यंत ते होर्मुझची सामुद्रधुनी किती अरुंद आहे ते सांगत होते. लाँच जरा हलायला लागल्यावर होर्मुझ अर्ध्यावर सुटली आणि उरलेला प्रवास त्यांनी शेजारच्या कोळीणबाईनं दिलेलं लिंबू हुंगत, डोळे मिटून केला.

इतरांच्या हॉलमध्ये धबधब्याचं नाही तर घोड्यांचं चित्र असतं. साडूंच्या सोफ्यामागे भिंतभर जगाचा नकाशा आहे. त्यामुळे त्यांच्याकडे जाणाऱ्या पाहुण्याला निवांत टेकून बसता येत नाही. "जरा मान इकडे घ्या, सुदानवर टेकलायत तुम्ही," असं ते भल्याभल्यांना सांगतात. आमच्या सासूबाई डोक्याला चपचपीत खोबरेल लावत. त्यांच्या एका उन्हाळ्याच्या मुक्कामात मध्य आशियात एक नवाच समुद्र तयार झाला, आणि तो अजून तिथे आहे. सासूबाई गेल्यानंतर साडूंनी नकाशा बदलला नाही. "राहू दे, त्यांची आठवण आहे," म्हणाले.

होर्मुझ कधीही बंद होईल, या भीतीनं त्यांनी एका वर्षी घरात खजूर भरून ठेवला. होर्मुझ काही बंद झाली नाही. आम्ही मात्र वर्षभर खजुराची चटणी, खजुराचे लाडू, खजुराची पोळी खाल्ली. शेवटी ताईंनी, म्हणजे साडूंच्या बायकोनं, घरी केळवणाला आलेल्या पाहुण्यांनाही ओटीत खजूर घातला. फळवाल्याकडे ते सफरचंद उचलून आधी त्यावरचं स्टिकर वाचतात, कारण त्या आठवड्यात ज्या देशानं आपल्याविरुद्ध मत दिलं असेल त्याचं सफरचंद घरात येता कामा नये. फळवाला बिचारा गयावया करतो, "काका, शिमल्याचं आहे हो." मासे घ्यायला गेलं तरी तेच. उरणच्या करंजा बंदरावरून मासळी आणणाऱ्या एका मावशींना ते आंतरराष्ट्रीय जलसीमा म्हणजे काय ते सांगत होते. मावशींनी दोन गिऱ्हाइकं हातावेगळी केली, तरी हे तिसऱ्या देशाच्या हद्दीत होते. अखेर त्या म्हणाल्या, "दादा, त्या समिंदरात काय चाललाय ते मना नाय ठाव. ह्यो आपल्या समिंदरातला बांगडा हाय. घ्याचा हाय का नाय?" साडूंनी बांगडा घेतला, आणि घरी येताना मला म्हणाले, "बाईंची भूमिका व्यवहार्य आहे."

वाचणाऱ्याला वाटेल, माणसाला दुसऱ्याची युद्धं बघायची चटक लागली आहे. तसं नाही. टीव्हीवर ढिगाऱ्याखालून काढलेलं एखादं पोर दिसलं की साडू ताटावरून उठतात. हात धुऊन गॅलरीत जाऊन उभे राहतात आणि मग त्या दिवशी सिद्धांतबिद्धांत काही निघत नाहीत. त्यांचं असं पक्कं मत आहे की भांडणाऱ्या दोन माणसांना कुणी नीट समोरासमोर बसवलं, तर जगातलं कुठलंही भांडण मिटतं. मला हा माणूस आवडतो तो यामुळे.

या मताची परीक्षा घरातच झाली. दोघी बहिणी दर उन्हाळ्यात वर्षाचा मसाला एकत्र करायच्या. मिरच्या बघायला जायचं दोघींनी, देठ खुडायचे दोघींनी, गच्चीवर वाळवायच्या दोघींनी, आणि शेजारच्या सोसायटीतल्या बायकांना नावं ठेवत डंकावर कुटून आणायचा तोही दोघींनी. मिरची पारखण्यात आमच्या हिचा हात कुणी धरू शकत नाही. आणि एका वर्षी ताईंनी हिला न विचारता परस्पर मसाला कुटून आणला. ताईंचं म्हणणं, हिला दोनदा फोन केला, हिनं उचलला नाही. हिचं म्हणणं, मिस्ड कॉल बघून परत फोन केला तेव्हा मसाला बरणीत भरूनही झाला होता. एवढंच कारण. पण बोलणं बंद झालं ते झालंच. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, गौरीच्या जेवणाला नाही, रस्त्यात दिसल्या तर एकीनं मेडिकलमध्ये शिरायचं.

आम्ही दोघे साडू मात्र संध्याकाळी फिरायला भेटत राहिलो. साडूंच्या भाषेत ही पडद्यामागची बोलणी होती. टपरीवर कटिंग घेत ते मला विचारायचे, "तुमच्या बाजूचा सूर काय?" मी म्हणायचो, "काल भाजी तिखट झाली नाही म्हणून ताईंचं नाव निघालं." ते मान हलवायचे. "आमच्याकडेही निघालं. म्हणजे दार बंद नाही." मग त्यांनी तटस्थ भूमीची कल्पना काढली. एकीनं दुसरीच्या घरी जायचं म्हटलं तर कमीपणा येतो, तेव्हा भेट पनवेलच्या उडप्याकडे. दोघींना यातलं काही सांगायचं नाही. आम्ही आपापल्या बायकोला डोसा खायला म्हणून काढलं आणि ठरल्या वेळी हॉटेलशी पोचलो. इथवर सगळं सुरळीत झालं. पण आधी आत कुणी जायचं, हे साडूंनी ठरवलेलं नव्हतं. त्यांना आत्ता आठवलं की आधी जाणारी बाजू दुबळी समजली जाते. त्यांनी मला हातानं थांबा अशी खूण केली, मी त्यांना तुम्ही थांबा अशी केली, आणि आम्ही दोन्ही जोडपी त्या एकुलत्या एका दाराच्या दोन बाजूंना उभी राहिलो. वेटर बाहेर येऊन विचारून गेला, चौघं एकत्र का म्हणून. दोघी बहिणी एकदमच म्हणाल्या, "नाही." ही घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाली, "भाऊजींना सांगा, जग सांभाळा म्हणावं, आम्हाला नको." माझा डोसा राहिला तो राहिलाच.

साडूंची एकुलती एक मुलगी गार्गी जर्मनीत असते. ताईंनी तिला वाढवलं आणि हिनं लाडावलं, असं तिचं बालपण गेलं. गेल्या उन्हाळ्यात ती तीन वर्षांच्या लेकीला घेऊन एकटीच यायला निघाली. नवऱ्याला रजा नव्हती. नात जन्मल्यापासून पहिल्यांदाच इथे येणार होती. आखातात तेव्हा ताणाताणी चाललेली, म्हणून गार्गीनं व्हिडिओ कॉलवर विचारलं, "बाबा, आखातातून येऊ की थोडा वळसा घेऊन?" हा प्रश्न साडूंना उभ्या आयुष्यात कुणी मनापासून विचारला नव्हता. त्यांनी कॅमेरा नकाशाकडे वळवला. कुणाचं तेल कुणाला विकलं जातं, कोण नुसतंच गुरगुरतंय, कोणाला युद्ध परवडणार नाही, सगळं सांगितलं. "सरळ आखातातून ये. या महिन्यात तिथं पानही हलणार नाही. मी सांगतो ना." गार्गीनं बापावर विश्वास ठेवून तिकीट काढलं.

ती विमान बदलायला आखातात उतरली, आणि त्याच पहाटे क्षेपणास्त्रं सुटली. हवाई हद्द बंद झाली. मला हे टीव्हीवरून कळलं, यातच सगळं आलं. एवढं मोठं काही घडलेलं आणि साडूंचा फोन नाही. मीच फोन लावला. पलीकडे टीव्हीचा आवाज होता, तो त्यांनी आधी बंद केला. मग म्हणाले, "साडूभाऊ, पोरगी तिथंच अडकलीय हो. बाळ आहे बरोबर. मी सांगितलं होतं तिला तिकडून ये म्हणून."

ही ओट्याशी बोंबील साफ करत होती. "काय झालं?" म्हणाली. मी सांगितलं. तिनं हात धुतले, गॅस बंद केला, पायात चपला घातल्या आणि निघाली. ओढणी नाही, पर्स नाही. मी मागून "अगं, थांब, रिक्षा बघतो" म्हणतोय तोवर ती कोपऱ्यापर्यंत गेलीसुद्धा.

मी पोचलो तेव्हा दार उघडंच होतं. ताई स्वयंपाकघरात खाली बसल्या होत्या, ही त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. कुणी कुणाची माफी मागितली नाही, झालेल्या गोष्टीचा विषयही निघाला नाही. थोड्या वेळानं ही उठली. "ताई, सकाळपासून काही खाल्लं नसशील. भात लावते. मसाला कुठंय?"

"वरच्या फळीवर," ताई म्हणाल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "जरा जास्तच घाल. यंदा नीट झालाच नाही. तू नव्हतीस ना मिरच्या बघायला."

ज्या तहासाठी आम्ही वर्षभर टपरीवर चहा ढोसला, तो असा झाला. साडूंना सांगावं म्हणून मी हॉलमध्ये गेलो. टीव्ही बंद होता. ते नकाशाकडे पाठ करून, सोफ्यावर मागे डोकं टेकून बसले होते. अख्ख्या आफ्रिकेवर टेकले होते. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, "मला काही कळत नाही हो. आजवर कळतं असं वाटायचं." मला त्यांचा हात हातात घ्यावासा वाटला आणि मी घेतला. साठी उलटलेले आम्ही दोन साडू जेवायची हाक येईपर्यंत तसे बसून राहिलो.

नंतरचे काही दिवस गार्गीच्या मेसेजवर गेले. विमानतळावर जमिनीवर झोपायला जागा मिळाली. आवाज ऐकू आले, पण लांब होते. बाळ मजेत आहे, सामानाच्या ट्रॉलीवरून उतरायला तयार नाही. एसीनं बाळ कुडकुडत होतं, तर शेजारच्या बाईनं स्वतःच्या मुलाचं पांघरूण दोघा पोरांवर घातलं. बाई कराचीची आहे. हा मेसेज मी वाचून दाखवला आणि साडूंकडे बघितलं. कराची म्हटलं की निदान अर्धा तास, हा आमचा अनुभव. साडू म्हणाले, "तिला विचारा, त्या बाईला चहा तरी पाजलास का." त्या दिवसांत त्यांनी जगाची केलेली चौकशी एवढीच.

गार्गी आली. विमानतळाच्या दारातून नात कुणाच्या तरी ट्रॉलीवर बसून बाहेर आली, आणि आमच्या दोघी बहिणी तिला आधी कुणी घ्यायचं हे न ठरवता एकदमच धावल्या. महिनाभर घर भरलेलं होतं. नातीनं नकाशावर क्रेयॉननं अशा काही सीमा आखल्या की कुठलाही देश कुठल्याही देशाला मिळावा. साडू बघत राहिले. बातम्या लावत नव्हते. मी मुद्दाम एखादा विषय काढला तर "असेल, असेल" म्हणायचे. ते बरं वाटायच्या ऐवजी मला फार चुकल्यासारखं व्हायचं.

मग एका दुपारी जेवणं झाली होती. नात साडूंच्या मांडीवर झोपली होती आणि त्यांचा पाय बधिर झालेला असूनही ते हलत नव्हते. गार्गी फोन बघत होती. अगदी सहज, पूर्वीसारखंच तिनं विचारलं, "बाबा, परतीचं तिकीट काढायचंय. कुठून जाऊ?"

ताई ताटं उचलता उचलता थांबल्या. आमच्या हिनं माझ्याकडे बघितलं. गार्गीनं मुद्दाम विचारलं होतं, हे आम्हा सगळ्यांना कळलं. बापाला त्याचा अधिकार परत द्यायचा होता तिला. साडूंनी नकाशाकडे मान वळवली. आता सुरू होतील असं मला वाटलं, नव्हे, व्हावेत असं फार वाटलं. त्यांनी मांडीवरच्या पोरीचं वर सरकलेलं फ्रॉकचं टोक नीट केलं.

"राहा की गं अजून थोडे दिवस," ते म्हणाले.