गच्चीवरून पाहिलेला ऑर्केस्ट्रा

मी पंधरा वर्षांची होते आणि सोलापुरातल्या एका ऑर्केस्ट्रावर माझा जीव जडला होता. एखाद्या मुलीचा एखाद्या नटावर जडतो तसा एकावर नव्हे, सगळ्या सहाजणांवर. सत्तरच्या दशकात आमच्याकडे गल्लोगल्ली ऑर्केस्ट्रे निघत होते. चार मित्र जमले आणि कुणाचा तरी बोंगो उसना मिळाला की झाला ऑर्केस्ट्रा. आमचा तसला नव्हता. आमच्याकडे अकॉर्डियन होतं, एकाच कापडातून शिवलेले सहा मोरपंखी शर्ट होते, आणि पुरुषाच्या व बाईच्या अशा दोन्ही आवाजांत गाणारा गायक होता. द्वंद्वगीत तो एकटाच म्हणायचा, मध्ये मध्ये स्वतःवरच लाजायचा. मी ‘आमचा’ म्हणते खरी, पण त्यांना माझा पत्ताही नव्हता.

गणपतीतल्या कार्यक्रमांना मुलींनी जायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा होता. माझ्या वडिलांचं, अप्पांचं, भुसाराचं दुकान होतं, आणि ज्वारी निवडताना खडा बाजूला काढावा तसे ते आमच्या आयुष्यातून गाणं-बजावणं काढून टाकायचे. पण दर रविवारी सकाळी ही मंडळी माझ्या मैत्रिणीच्या घरामागच्या अंगणात सराव करत, आणि गच्चीवर जाऊ नका असं कुणी म्हटलं नव्हतं. आम्ही दोघी वाळवण घालायला म्हणून वर जायचो. उन्हाळा, पावसाळा, थंडी, आमचं वाळवण चालूच. मैत्रिणीची आई सगळ्यांना सांगायची, “पोरी लई कामाच्या हायत.”

वरून बघायचं म्हणजे आम्हाला दिसायची ती डोकी. चेहरे आम्ही जवळजवळ पाहिलेच नव्हते. ड्रमवाल्याला टक्कल पडू लागलंय हे त्याच्या आईच्या आधी आम्हाला कळलं. अकॉर्डियनवाला आमचा सगळ्यांत लाडका. त्याच्या डोक्यावर दोन भोवरे होते. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, असं मैत्रीण म्हणायची. मग एक माझ्याशी आणि एक तिच्याशी, अशी वाटणीही आम्ही न भांडता करून टाकली होती.

त्याच सुमारास माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, स्थळं येऊ लागली. दोन आली आणि उंचीवरून परत गेली, कारण अक्का उंच. आमची आई, अव्वा, देवापुढं बसून रडायची. तिसरं स्थळ अक्कलकोटकडचं होतं, घरचं कापडाचं दुकान, मुलगा सोलापुरात सरकारी कचेरीत कारकून. फोटो आला. मीही पाहिला. बरा होता, पण मला त्यात विशेष काही दिसलं नाही.

पाहुणे आले, पोहे झाले. मुलगा अप्पांच्या पाया पडायला वाकला, आणि माझ्या हातातला पाण्याचा तांब्या कलंडता कलंडता राहिला. दोन भोवरे! समोरून जो कुणीच नव्हता, तो वरून आमचा अकॉर्डियनवाला होता. माझ्या वाट्याचं लग्न अक्काला गेलं याचं मला जराही वाईट वाटलं नाही. अकॉर्डियन आमच्या घरात येणार, एवढंच डोक्यात होतं.

अप्पांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “काई नाद-बिद?”

“नाई. कसलाच नाद नाई,” मुलगा म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दर रविवारी डोळे मिटून भाता ओढणारा माणूस, आणि कसलाच नाद नाही? माझ्या तोंडून निघून गेलं, “अप्पा, हे अकॉर्डियन वाजवतात. ऑर्केस्ट्रात. लई भारी वाजवतात!”

अव्वानं माझ्याकडं असं पाहिलं की मी आजही ते विसरलेले नाही. तिसरंही स्थळ जाणार, आणि या खेपेला उंचीवरून नाही तर माझ्या जिभेवरून. अप्पा सावकाश म्हणाले, “माणूस चांगलाय. पण ते सोडावं लागंल. माझी पोरगी वाजवणाऱ्याच्या घरी देणार नाई मी.”

“सोडतो की,” मुलगा लगेच म्हणाला.

लग्न ठरलं. घर आनंदात बुडालं, आणि मी मागच्या दारी बसून रडले. पुढच्या रविवारी गच्चीवरून पाच डोकी दिसली. मैत्रीण माझ्याशी बोलेना, कारण तिच्या मते ऑर्केस्ट्रा आमच्या घरानं मोडला होता. मला ते पटत होतं, फक्त घर म्हणजे अप्पा, एवढाच फरक. मी अप्पांशी बोलणं टाकलं. समोर बसलेल्या अप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणायचे, “अव्वा, अप्पांना सांग, दुकानातला माणूस आलाय.” अप्पाही तिलाच सांगायचे, “तिला म्हणावं, कळलं.” लग्नापर्यंत अव्वाला आमच्या मधल्या निरोप्याचं काम पुरलं.

पण मी गप्प बसले नव्हते. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत नवरदेव रुसतो. ताटाला हात लावत नाही, आणि त्यानं मागितलेली वस्तू सासऱ्यानं कबूल केली की मगच जेवतो. घड्याळ, सायकल, रेडिओ, काहीही. सगळ्या पाहुण्यांदेखत सासरा नाही म्हणू शकत नाही. साखरपुड्याच्या दिवशी सरबत देताना मी आमच्या नवरदेवाला हळूच म्हटलं, “दाजी, रुसव्यात ऑर्केस्ट्रा मागा. अप्पांना हो म्हणावंच लागंल.”

दाजी हसले. “बघू की,” म्हणाले.

अक्कालाही हे सांगून ठेवलं. तिला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती म्हणाली, “वाजवू दे की बाई. माझं काय जातंय?” माझी बाजू पक्की झाली.

वैशाखात लग्न लागलं. बाकीचे पाचजण मोरपंखी शर्ट घालून आले होते, मोकळ्या हातांनी. पंगत बसली, गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, वाढली, वर तूप पडलं. दाजींनी हात मागे घेतला आणि मान फिरवली. “नवरदेव रुसला!” बायकांनी एकच गलका केला. मी खांबाला धरून उभी होते. अप्पा समोर आले, हात जोडून म्हणाले, “काय पायजे ते मागा. आज नाई म्हणणार नाई.”

दाजींनी पंगतीवरून नजर फिरवली. माझ्याकडंही पाहिलं.

“घड्याळ,” ते म्हणाले.

हशा पिकला. दोन आवाजांचा गायक बाईच्या आवाजात ओरडला, “अहो, सोन्याचं मागा की!” आणि त्या पाचांनी टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून वाजवल्या, तेच मला सहन झालं नाही. अप्पांनी कोटाच्या खिशातून घड्याळाची डबी काढली. दाजींनी हुग्गीचा घास घेतला.

मी कोठीच्या खोलीत जाऊन बसले. जेवायचं नाही असं ठरवलं होतं. थोड्या वेळानं अप्पा स्वतः ताट घेऊन आले.

“तू काय शिकवलं होतंस त्यांना, ते अक्कानं सांगितलंय मला,” ते म्हणाले. “मी हो म्हणणार होतो.”

मी किती तरी आठवड्यांनी त्यांच्याशी थेट बोलले. “मग न मागता का नाई दिलंत?”

अप्पा माझ्याजवळ पोत्यावर टेकले. रागावले नाहीत.

“त्यांना घड्याळ पायजे होतं,” ते म्हणाले. “ऑर्केस्ट्रा तुला पायजे होता. आणि तू तर मला काईच मागितलं नाईस.”