एक 'बरं' कमी पडलं

आत्या गेली हे मला प्रधान काकांनी फोनवर सांगितलं, आणि मी त्यांचा आवाजच ओळखला नाही. प्रधान काका म्हणजे आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचे सेक्रेटरी, आणि त्यांचा आवाज म्हणजे माझा हुकमी आयटम. घसा खाकरून "सभासदांनो, विषय क्रमांक एक" असं ते जे म्हणतात ना, ते मी गणपतीत, हळदीत, बारशात, जिथे माइक दिसेल तिथे करून टाळ्या घेतल्यात. त्या दिवशी सकाळी मी खडवलीला गेलेलो, माझ्या शाळेच्या गॅदरिंगला. जुन्या हेडसरांचा आवाज काढून पोरांना लोळवत होतो आणि खिशात फोन थरथरला. स्टेजमागे जाऊन उचलला, तर कोणीतरी अगदी बारीक आवाजात म्हणालं, "निलेश... सुमनताई गेल्या रे." मी म्हटलं, "कोण बोलतंय?" खरंच कळलं नाही. पुढे माइकवर निवेदक ओरडत होता, "अजून एक आवाज होऊन जाऊ दे!" आणि मी पडद्याची दोरी धरून उभा.

झोपेतच गेली. कामाच्या बाईंनी बेल वाजवली, दार उघडेना, दुसरी किल्ली प्रधान काकांकडे होती, म्हणून त्यांनी उघडलं. हे सगळं ठाकुर्लीला, अकराव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. आत्याचं स्वतःचं घर डोंबिवलीत, तळमजल्यावर. म्हणजे होतं. ते तिथे का नाही, आणि त्यात माझा हात किती... हात नाही, तोंड किती, तेच सांगायचंय. गेले कित्येक दिवस सांगायचंय, पण प्रत्येक वेळी मी मध्येच कोणाचातरी आवाज काढतो आणि लोक हसून उठून जातात.

आत्या माझ्या बाबांची मोठी बहीण. कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. दहावी झाल्यावर बाबांनी मला ट्रंकेसकट तिच्याकडे आणून टाकलं, कारण खडवलीत कॉलेज नव्हतं आणि मी तिथे राहिलो असतो तर बाबांच्या मते नदीवर म्हशींचेच आवाज काढत बसलो असतो. आत्याचा कान म्हणजे विषयच वेगळा. लोक चेहरा ओळखतात, ती श्वास ओळखायची. फोनवर समोरच्याने नुसतं "हॅलो" म्हटलं की हिला कळायचं, घरात बारसं आहे की मयत. अर्ध्या कल्याणला तिने कधी पाहिलं नव्हतं, पण ऐकलं होतं. मी पहिल्याच आठवड्यात प्रधान काकांची नक्कल केली. हसेल, शाबासकी देईल असं वाटलेलं. बाई डोळे मिटून ऐकत बसली आणि म्हणाली, "आवाज प्रधानांचा आलाय. श्वास तुझाच आहे. पुन्हा काढ." त्यानंतर रोज जेवणं झाली की माझा क्लास. भाजीवाला काढ. टँकरवाला काढ. "टँकरवाला असा घाईत नसतो रे, त्याला पाण्याचा माज असतो, हळू बोलतो तो." मी आज जो काही चार लोकांना हसवतो ती सगळी तिची तालीम.

फक्त तिचा स्वतःचा आवाज मला नीट यायचा नाही. सगळी गोम त्या 'बरं'मध्ये होती. आत्याचं एकदा 'बरं' म्हणजे होकार, दगडावरची रेघ. दोनदा 'बरं बरं' म्हणजे ऐकलं तुझं, आता नीघ. हे आख्ख्या गल्लीला ठाऊक. देणगीवाले यायचे, विमावाला यायचा, ती हसून "बरं बरं" म्हणायची आणि माणूस चप्पल घालायला लागायचा.

बिल्डिंग पाडून टॉवर करायचं ठरलं, तेव्हापासून दोन वर्षं प्रधान काका तिच्या खिडकीशी येऊन हेच 'बरं बरं' ऐकून जात होते. सगळ्यांचे होकार आलेले, राहिलेली एकटी आत्या. तिची खिडकी रस्त्यावरच उघडायची. जाणारायेणारा थांबायचा, कोणाच्या किल्ल्या, कोणाचं पार्सल, कोणाच्या सुनेची तक्रार, सगळं त्या गजांतून आत यायचं. एक्स्चेंजमधून रिटायर झाली ते नावाला, फोन जोडायचा बोर्ड जणू तिने घरी आणलेला. प्रधान काका म्हणायचे, "ताई, तीनच वर्षं बाहेर राहायचा प्रश्न आहे. मग लिफ्ट, पार्किंग, सगळं." ती म्हणायची, "माझ्या वयात तीन वर्षं म्हणजे किती होतात, ते आधी मोजा प्रधान." पण खोटं कशाला बोलू, बिल्डिंगही काही ताजमहाल नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या शिल्पा वहिनींच्या घरात स्लॅबचा तुकडा पोरीच्या कॉटवर पडलेला. पोरगी शाळेत होती म्हणून वाचली. तेव्हापासून वहिनी आत्याकडे बघायच्या नाहीत. जिन्यात समोर आल्या तरी मान खाली. आत्याला ते लागायचं, पण तिची भीतीही खरी होती. इथून उठले तर परत यायची नाही, एवढंच तिचं म्हणणं.

सोसायटीच्या सभेच्या आदल्या दिवशी आत्या गिरणीत दळण आणायला गेलेली. लँडलाइन वाजली. मी फोन उचलला, पलीकडे प्रधान काका. "सुमनताई, शेवटचं विचारतो, उद्या तुमचं नाव होकारात धरू का?" आता माझी जीभ... तिला काय शांत बसवतं? मी आत्याचा आवाज लावला. पोटातून श्वास घेतला, थोडं थांबलो, ती थांबायची तसं, आणि म्हणालो, "बरं."

एकदाच.

दुसरं 'बरं' तोंडात तयार होतं, आईशप्पथ. मध्ये जरा जास्त थांबलो, कारण ती तशी थांबते असं मला वाटलेलं. आणि काका ओळखतील, शिव्या घालतील, मग मी खी खी करून "काका, पोपट झाला तुमचा" म्हणेन, असा सगळा सीन डोक्यात होता. पण त्या फटीत काकांनी "थँक्यू ताई, थँक्यू" म्हणून फोन ठेवला. रडतच होते जवळजवळ. मी रिसीव्हर हातात घेऊन हसत बसलो. आधी हसलो, हे खरंय. मग वाटलं, लगेच फोन करून सांगावं. मग वाटलं, येतीलच संध्याकाळी, तेव्हा समोरासमोर सांगू, जास्त मजा येईल.

संध्याकाळी ते आले. एकटे नाही, अर्धी बिल्डिंग घेऊन. पेढे. शिल्पा वहिनी पुढे, पोरीचा हात धरून. त्या आत्याच्या पायाच पडल्या. "आत्या, मी काय काय बोलले असेन हो तुमच्या मागे... तुम्ही हो म्हणालात, माझी पोर आता नीट झोपेल." आत्या नुकतीच गिरणीतून आलेली, हातात अजून पिठाचा डबा. तिने आधी वहिनींकडे पाहिलं, मग पोरीकडे, आणि मग माझ्याकडे. एक्स्चेंजमध्ये चुकीची लाइन जोडणाऱ्या नवीन पोरीकडे बघत असेल तसं. मी भिंतीकडे बघायला लागलो. आणि आत्या म्हणाली, "बरं."

एकदाच. खालच्या पट्टीत, जमिनीला टेकणारं. तेव्हा मला कळलं, माझं 'बरं' वाऱ्यावर राहिलेलं.

सगळे गेल्यावर तिने डबा ठेवला. "निल्या, फोनवर मी होते का?"

"...हो."

"कशी होते?"

"चांगली होतीस."

"एकदाच म्हणाले?"

"हो."

"मग तिथेच चुकलं," ती म्हणाली, क्लासमध्ये म्हणायची तसंच.

मी म्हटलं, "आत्या, मी आत्ता जाऊन सांगतो. काकांच्या पाया पडतो. मस्करी होती म्हणतो."

"त्या पोरीला काय सांगशील? मस्करी होती, झोप बाई स्लॅबखाली?" मग बराच वेळ पीठ चाळत राहिली. "माझ्या तोंडून गेलं काय न् तुझ्या तोंडून गेलं काय. ऐकणाऱ्याने ऐकलं ना."

दुसऱ्या दिवशी सभेत तिने सही केली. मला आजही कळत नाही, तिने वहिनींच्या पोरीसाठी केली की मला वाचवायला. दोन्ही असेल. पण तिला 'नाही' म्हणायचा जो रस्ता होता, तो मी बुजवला.

मग काय, ठाकुर्ली. प्रधान काकाही तिथेच, बाजूच्या विंगमध्ये; मी वेगळी खोली घेतलेली. अकराव्या मजल्यावर खिडकीशी कबुतराशिवाय कोण येणार? पहिले काही महिने आत्या मला दर रविवारी रिक्षाने डोंबिवलीला घेऊन जायला लावायची. बिल्डिंग पाडलेली, भोवती निळे पत्रे. ती पत्र्याला कान लावून उभी राहायची. एकदा म्हणाली, "हातोड्याचा आवाज नाही रे, मिक्सरचा नाही." बिल्डरचं कुठल्यातरी परवानगीत अडकलेलं, खड्ड्यात पाणी साठलेलं. आत्या पत्र्यापासून मागे झाली. "लाइन डेड आहे," म्हणाली आणि रिक्षात जाऊन बसली. त्यानंतर पुन्हा चल म्हणाली नाही. शिल्पा वहिनी कल्याणपलीकडे मोहन्याला भाड्याने गेल्या. पोरगी नीट झोपते, हेही खरंय.

माफी मी कधी नीट मागितलीच नाही. एकदा चहा पिताना ती अचानक म्हणाली, "निल्या, त्या दिवशी काढलास तो माझा आवाज काढ बरं." मी म्हटलं, "घसा बसलाय गं." ती हसली. "बरं बरं." ...मी चप्पल घालून निघालो.

तेराव्यानंतर काही दिवसांनी मी फ्लॅट रिकामा करायला गेलो. किल्ली त्याच दिवशी परत द्यायची होती. भांडी खोक्यात भरली, गादी गुंडाळली. चारच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीवरचा इंटरकॉम वाजला. वॉचमन असेल म्हणून उचलला. पलीकडून एक म्हातारा, चिरका, खूश आवाज, "काय गं सुमन, झाला का चहा? किती दिवस उचलत नाहीस, गावाला गेलेलीस का?"

मला आत्याने कधीतरी सांगितलेलं ते तेव्हा आठवलं. सातव्या मजल्यावर एक आजी आहेत, व्हीलचेअरवर. चुकीचा नंबर लागून ओळख झाली. रोज चारला बोलायच्या. चार मजल्यांचं अंतर, पण एकमेकींना कधी पाहिलं नाही. आत्याने इथेही आपला बोर्ड लावला होता तर.

आणि गंमत सांगू? त्या क्षणी आत्याचा आवाज माझ्या घशात येऊन बसलेला. श्वासासकट. इतकी वर्षं जो जमला नाही तो, पूर्ण. म्हातारीला फक्त "झाला हो चहा" एवढंच ऐकायचं होतं. मी तोंड उघडलं.

"आजी, मी निलेश. सुमनआत्याचा भाचा."

"अगंबाई, मग तिला दे ना."

मी फरशीवर खाली बसलो, खोक्याला टेकून, आणि सांगितलं. तिकडून नुसता श्वास. मग म्हणाली, "तू तोच ना रे, आवाज काढणारा? सांगायची ती. म्हणायची, सगळ्यांचे काढतो, माझा मात्र सगळ्यात छान काढतो." आणि लगेच, "एकदा काढ ना. मला ऐकायचाय."

"नाही येत, आजी," मी म्हटलं. "मला तो कधीच नीट आला नाही."

"बघ," ती म्हणाली, "मला उगाचच सांगायची मग." नाक ओढल्याचा आवाज आला. "उद्या चारला आहेस का तू तिथे?"

दारात घरमालक किल्लीसाठी येऊन उभा होता, घड्याळ बघत. मी त्याच्याकडे पाहिलं आणि इंटरकॉममध्ये म्हटलं, "हो आजी, आहे."